दोन एडीसी, एक क्लॉक: क्रिस्टल वाटता येत नाही, ऑसिलेटर वाटता येतो

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. बडोद्याच्या मकरपुरा जीआयडीसीत (औद्योगिक वसाहतीत) तुम्ही ट्रान्सफॉर्मरच्या टेस्ट बेंचसाठी पॉवर मीटर बनवताय. बोर्डावर एक मायक्रोकंट्रोलर आहे, ८ मेगाहर्ट्झचं क्रिस्टल आणि यूएसबी असलेला. दोन एडीसी चिप आहेत (लहर मोजून तिचे आकडे करणाऱ्या), एक व्होल्टेजसाठी, एक करंटसाठी, आणि दोघींना आपापलं ८.१९२ मेगाहर्ट्झचं क्रिस्टल. रिबन केबलच्या टोकाला डिस्प्लेचा वेगळा बोर्ड आहे, त्याला १६ मेगाहर्ट्झ. बल्बच्या लोडवर वॅटचा आकडा ठीक येतो. ट्रान्सफॉर्मर जोडला की आकडा हळूहळू सरकत जातो आणि साधारण बारा सेकंदांनी झटक्यात परत जागेवर येतो. क्लॉक वेगवेगळे असल्याचा संशय आल्यावर तुम्ही एका एडीसीच्या क्रिस्टलच्या पायापासून दुसरीला वायर नेलीत. ते कधी चालतं, कधी बंद पडतं, बोट लावलं की पुन्हा सुरू होतं. म्हणून तुम्ही विचारताय, एकाच ऑसिलेटरवर चारही चिप चालवता येतील का.

चालवता येतील, पण चारही चालवायची गरज नाही. खरा प्रश्न आहे की या चारांपैकी कोणाकोणाला एकमेकांशी वेळ जुळवून चालायचं आहे. ते ठरलं की किती क्लॉक हवेत ते आपोआप ठरतं. दोन-चार क्रिस्टलचे पैसे वाचवायला म्हणून क्लॉक एक करू नका. वाचलेले पैसे बफर, ट्रॅक आणि तुमच्या वेळेत निघून जातात. वेळेचं नातं हाच मापनाचा भाग असेल तेव्हा मात्र क्लॉक एकच हवा, आणि तुमच्या दोन एडीसींच्या बाबतीत नेमकं तसंच आहे.

तुमच्या बारा सेकंदांतच निदान आहे. तुम्ही सेकंदाला ४००० सॅम्पल घेताय, म्हणजे दोन सॅम्पलमध्ये २५० मायक्रोसेकंद. दोन क्रिस्टल कधीच तंतोतंत सारखी नसतात. २० पीपीएमची (दहा लाखांत २० इतकी चूक मान्य असलेली) दोन क्रिस्टल घेतली तर त्यांच्यातला फरक ४० पीपीएमपर्यंत जाऊ शकतो. तुमच्या दोन एडीसी एकमेकींपासून थोड्याथोड्या सरकताहेत, आणि सरकलेलं अंतर पूर्ण एका सॅम्पलएवढं झालं की फर्मवेअर जोडी लावताना एक सॅम्पल गाळतं किंवा तेच दोनदा घेतं. तोच तुमचा झटका. २५० मायक्रोसेकंद भागिले १२ सेकंद केलं की २१ पीपीएमच्या आसपास फरक निघतो. क्रिस्टल खराब नाहीत, अगदी नेहमीसारखी आहेत.

आता बल्बवर का कळत नाही ते पाहू. ५० हर्ट्झला एक सायकल २० मिलिसेकंदांची, म्हणजे २५० मायक्रोसेकंद म्हणजे ४.५ अंश. बल्बचा पॉवर फॅक्टर (व्होल्टेज आणि करंटच्या लहरींमधल्या कोनाचा कोसाइन) जवळजवळ १ असतो, आणि ४.५ अंशांचा कोसाइन ०.९९७ आहे. आकडा जेमतेम ०.३ टक्के हलेल, तुमच्या लक्षातही येणार नाही. मोठ्या ट्रान्सफॉर्मरची लोड लॉसची चाचणी करता तेव्हा पॉवर फॅक्टर ०.०५ किंवा त्याहूनही खाली असतो, करंट व्होल्टेजच्या ८७ अंश मागे. तिथे वॅटमधली चूक म्हणजे फेजची चूक गुणिले त्या कोनाचा टॅन्जंट, आणि तो टॅन्जंट २० आहे. फेज ०.१ अंशाने चुकली तरी वॅट साडेतीन टक्क्यांनी चुकतात. साडेचार अंश चुकली तर आकडा अडीचपट होतो, किंवा उलट्या बाजूला गेला तर वजा दिसतो. बडोद्याच्या आसपास ट्रान्सफॉर्मरचं काम इतकं मोठं आहे की मीटर बनवणाऱ्यांशी माझं बोलणं होतच असतं, आणि तक्रार बहुतेक वेळा याच रूपात येते: बल्बवर बरोबर, जॉबवर (प्रत्यक्ष ट्रान्सफॉर्मरवर) चूक.

आणखी एक खूण तपासा. ८.१९२ मेगाहर्ट्झचे २१ पीपीएम म्हणजे सुमारे १७२ हर्ट्झ. दोन जवळजवळ सारखे क्लॉक एकाच बोर्डावर असले की त्यांच्यातला फरक सप्लायमधून किंवा ग्राउंडमधून अ‍ॅनालॉग भागात उतरू शकतो. तुमच्या एफएफटीत (सिग्नलमधल्या फ्रीक्वेन्सी वेगवेगळ्या दाखवणाऱ्या आलेखात) ५० च्या पटीत न बसणारा एखादा बारीक सुळका दिसत असेल, दीडदोनशेच्या आसपास किंवा त्याच्या निम्म्यावर, आणि बोर्ड तापल्यावर तो जागा बदलत असेल, तर तो तिथूनच येतोय. क्लॉक एक केला की तोही जातो.

आता तुमच्या वायरकडे. वाटायचं ते क्रिस्टल नसतं, ऑसिलेटरचं आउटपुट असतं. हा फरक पक्का कळला की निम्मी अडचण सुटते. क्रिस्टल स्वतःहून काही करत नाही. चिपच्या आतला इन्व्हर्टर, बाहेरचे दोन कपॅसिटर आणि क्रिस्टल मिळून ऑसिलेटर होतो. आपल्याकडच्या झोपाळ्यासारखं आहे हे: लय झोपाळ्याची, पण प्रत्येक खेपेला नेमक्या क्षणी हलका धक्का देणारं कुणीतरी लागतं. तुम्ही त्याच क्रिस्टलला दुसऱ्या चिपचा इन्व्हर्टर जोडलात. आता दोघे जण वेगवेगळ्या क्षणी, वेगवेगळ्या जोराने धक्का देताहेत.

त्यात कपॅसिटन्सचं गणित बिघडतं. क्रिस्टलवर लोड कपॅसिटन्स लिहिलेला असतो, समजा १८ पिकोफॅरड. बाहेरचे दोन कपॅसिटर क्रिस्टलच्या दृष्टीने सीरिजमध्ये असतात, म्हणून दोघांचा मिळून निम्मा धरायचा आणि त्यात पाय-ट्रॅकचे तीन ते पाच पिकोफॅरड मिळवायचे. २७ पिकोफॅरडचे दोन कपॅसिटर का लावतात ते यातून कळतं. तुम्ही हातभर वायर आणि दुसऱ्या चिपची पिन जोडलीत की एका बाजूला दहापंधरा पिकोफॅरड जादा येतात. फ्रीक्वेन्सी सरकते, आणि मुख्य म्हणजे इन्व्हर्टरला जेवढा गेन शिल्लक असतो तो संपतो. बोटाने तुम्ही थोडा कपॅसिटन्स, थोडी गळती आणि थोडा हम दिलात, तेवढ्याने ऑसिलेशन सुरू झालं. उद्या बोर्ड गार असेल किंवा पावसाळ्यात फ्लक्स ओलावा धरून बसला असेल तर बोट लावूनही सुरू होणार नाही. स्कोपचं दहापट प्रोब लावलं तरी तेवढेच दहापंधरा पिकोफॅरड जोडले जातात, म्हणून क्रिस्टलच्या पायावर प्रोब लावून काढलेल्या निष्कर्षावर विसंबू नका.

कुणी तुम्हाला सांगेल की पूर्वी ८०५१ च्या दुसऱ्या पायावरून क्लॉक उचलून चालवायचो. खरं आहे, जुन्या चिपमध्ये त्या पायावर पूर्ण व्होल्टेजची लहर असायची. नव्या चिपमध्ये वीज वाचवायला ती लहर मुद्दाम लहान ठेवतात. एटीमेगा ३२८पी घ्या: त्याच्या डेटाशीटमध्ये क्रिस्टलचे दोन प्रकार आहेत, कमी विजेचा आणि पूर्ण स्विंगचा, आणि कमी विजेच्या प्रकाराने दुसऱ्या चिपचा क्लॉक चालवता येत नाही असं स्पष्ट लिहिलंय. त्याच चिपला क्लॉक बाहेर देण्याचा वेगळा पाय आहे, चिपमधल्या ‘फ्यूज’ नावाच्या सेटिंगने चालू करायचा. एसटीएम३२ मध्येही एमसीओ नावाचा असा पाय आहे. क्लॉक द्यायचाच असेल तर असा बफर केलेला पाय वापरा. मात्र तो कंट्रोलर झोपला, रीसेट झाला किंवा फर्मवेअर अपडेट करायला बसला की त्याच्यावर अवलंबून असलेलं सगळं थांबतं. मापन करणाऱ्या चिपना मी त्या भरवशावर ठेवत नाही.

तुमच्यासाठी मी हे करीन: ८.१९२ मेगाहर्ट्झचं तयार ऑसिलेटर मॉड्यूल, चार पायांचं, ३.३ व्होल्टचं, सीमॉस आउटपुटचं (पूर्ण व्होल्टेजची चौकोनी लहर देणारं). ते दोन्ही एडीसींच्या मधोमध ठेवायचं. दोन्ही एडीसींची क्रिस्टल आणि त्यांचे कपॅसिटर काढून टाकायचे, क्लॉक इनपुटच्या पायाला द्यायचा, क्रिस्टलचा दुसरा पाय मोकळा सोडायचा. बऱ्याच चिपमध्ये आतला क्रिस्टल ड्रायव्हर बंद करायला रजिस्टरमध्ये एक बिट असतो, तो विसरू नका. मॉड्यूलच्या सप्लायला अगदी पायाशी ०.१ मायक्रोफॅरड. टीसीएक्सओ (तापमान बदललं तरी फ्रीक्वेन्सी सावरून धरणारा ऑसिलेटर) घेणार असाल तर आधी आउटपुट पाहा. पुष्कळ टीसीएक्सओ क्लिप्ड साइन देतात, ०.८ व्होल्टच्या आसपासची लहर, आणि ती सीमॉस इनपुटला थेट चालत नाही. तुमच्या कामाला टीसीएक्सओची गरजही नाही. दोघींचा क्लॉक एकच असला की तो २० पीपीएम इकडेतिकडे असला तरी दोघी मिळूनच सरकतात.

एक मॉड्यूल दोन इनपुट चालवेल का? बहुतेक मॉड्यूल १५ पिकोफॅरड लोड धरून तपासलेली असतात. एक सीमॉस इनपुट सुमारे पाच, दोघींचे दहा, आणि दहा सेंटिमीटर बारीक ट्रॅकचे पाचसात. म्हणजे तुम्ही काठावर आहात. थोडं जास्त झालं तरी मॉड्यूल बंद पडत नाही, लहरीची कडा मंद होते, एवढंच. दोघींसाठी चालेल. तिसरी चिप आली की क्लॉक बफर घाला, एक आत आणि चार बाहेर असा. साधा लॉजिक बफरही चालेल, फक्त सगळ्या शाखा एकाच पॅकेजमधल्या गेटांतून काढा, म्हणजे त्यांचा उशीर सारखा राहतो.

ट्रॅकच्या बाबतीत फ्रीक्वेन्सी पाहू नका, कडा पाहा. आठ मेगाहर्ट्झ म्हणजे सावकाश, असं वाटतं, पण मॉड्यूलची कडा दोन नॅनोसेकंदांत चढते, आणि बोर्डावर सिग्नल एका नॅनोसेकंदात जेमतेम १५ सेंटिमीटर जातो. ट्रॅकवरून एका बाजूने जायला लागणारा वेळ कडेच्या एक षष्ठांशापेक्षा जास्त झाला की परावर्तनाचा विचार करावा लागतो. दोन नॅनोसेकंदांच्या कडेला ही मर्यादा पाच सेंटिमीटरवर येते. मॉड्यूल मध्ये ठेवून प्रत्येक शाखा पाच सेंटिमीटरच्या आत ठेवली तर फारशी चिंता नाही. तरीही मॉड्यूलच्या पायाशी प्रत्येक शाखेला स्वतःचा सीरिज रेझिस्टर ठेवा, ३३ ओहमपासून सुरू करा. पुस्तकात ५० ओहमचं गणित असतं, पण दोन थरांच्या १.६ मिलिमीटर बोर्डावर बारीक ट्रॅकचा इम्पीडन्स शंभर ओहमच्याही वर जातो, त्यामुळे योग्य किंमत ४७, ६८ किंवा ८२ निघू शकते. स्कोपवर पाहून ठरवा.

एका चिपवरून पुढच्या चिपवर, असा माळेसारखा ट्रॅक नेऊ नका. सीरिज रेझिस्टर असताना लांब माळेत मधल्या चिपला आधी निम्म्या व्होल्टेजची पायरी दिसते, आणि टोकाहून परावर्तन परत आल्यावर बाकीचं निम्मं. तो निम्मा टप्पा नेमका इनपुटच्या उंबरठ्यावर असतो. तिथे जराशी नॉइज आली की एका कडेच्या दोन कडा मोजल्या जातात. क्लॉक शाखांनी द्यावा असं मी म्हणतो त्याचं कारण हे.

दोन्ही शाखांची लांबी तंतोतंत जुळवायला नागमोडी ट्रॅक काढायचा मोह होईल. काढू नका. पाच सेंटिमीटरचा फरक म्हणजे एक तृतीयांश नॅनोसेकंद, आणि ५० हर्ट्झच्या फेजमध्ये त्याला काहीही किंमत नाही. ट्रॅकखालचं ग्राउंड सलग राहील याकडे लक्ष द्या. ग्राउंडमध्ये चीर पाडून त्यावरून क्लॉक नेला तर परतीचा करंट लांबून वळसा घेतो, आणि तुमच्या अ‍ॅनालॉग भागाला त्याचा त्रास होतो. जिटरची, म्हणजे क्लॉकची कडा बारीकशी पुढेमागे होण्याची, भीतीही तुमच्या कामात नाही. १०० पिकोसेकंदांचा जिटर १ मेगाहर्ट्झच्या सिग्नलचं नॉइजपासूनचं अंतर ६४ डेसिबलवर अडवतो, पण १० किलोहर्ट्झला मर्यादा १०४ वर जाते, आणि ५० हर्ट्झला तर कोणत्याही एडीसीच्या पलीकडे. हाय-स्पीड सॅम्पलिंग करणाऱ्यांनी सांगितलेले महागडे उपाय तुम्ही करू नका.

क्लॉक एक केल्यावरही एक गोष्ट राहते, आणि ती राहिली की लोक म्हणतात ‘कॉमन क्लॉक करूनही फेज चुकतेच’. एकच क्लॉक म्हणजे दोघींची चाल एक. दोघींची सुरुवात एक, असं नव्हे. एडीसीच्या आत क्लॉकला भागणारे काउंटर असतात, आणि पॉवर आल्यावर दोघींचे काउंटर वेगवेगळ्या जागी सुरू होऊ शकतात. मग चूक सरकणार नाही, पण शून्य ते साडेचार अंशांच्या मध्ये कुठेतरी गोठून बसेल, आणि प्रत्येक वेळी स्विच चालू केला की वेगळ्या जागी. हे सरकणाऱ्या चुकीपेक्षा वाईट, कारण आकडा स्थिर दिसतो आणि माणूस त्यावर विश्वास ठेवतो. म्हणून दोन्ही एडीसींचे सिंक किंवा रीसेट पाय एकत्र जोडा आणि कंट्रोलरच्या एकाच पायावरून, क्लॉक स्थिर झाल्यानंतर, एकच पल्स द्या. पल्सची कडा दोघींना एका क्लॉकने पुढेमागे कळली तरी फरक १२२ नॅनोसेकंदांचा, म्हणजे ०.००२२ अंश. तेवढा चालेल. फर्मवेअरमध्ये फक्त एकीचा डेटा-रेडी इंटरप्ट (नवं सॅम्पल तयार झाल्याची खूण) घ्या आणि त्याच वेळी दोघींचं वाचा.

कंट्रोलर आणि डिस्प्लेचं क्रिस्टल जागेवर राहू द्या. कंट्रोलर सॅम्पलची वेळ ठरवत नाही, फक्त आलेलं उचलतो. शिवाय त्याच्या यूएसबीला ४८ मेगाहर्ट्झ हवेत, ते ८ पासून सहज बनतात, ८.१९२ पासून बनत नाहीत. दुसरं कारण मला जास्त महत्त्वाचं वाटतं: मॉड्यूल बंद पडलं तर ते कळायला कुणीतरी वेगळ्या घड्याळावर जागं असायला हवं. डेटा-रेडी ठरलेल्या वेळेत आला नाही तर कंट्रोलरने स्क्रीनवर ‘क्लॉक नाही’ असं दाखवावं, जुना आकडा तसाच ठेवू नये. टेस्ट बेंचवर जुना आकडा ताजा समजून रिपोर्टवर जाणं फार वाईट. डिस्प्लेपर्यंत रिबन केबलमधून क्लॉक नेण्याचं तर काहीच कारण नाही. सिरियलने आकडे जातात, आणि त्याला दोन टक्क्यांचा फरकही चालतो. केबलमधला क्लॉक म्हणजे बोर्डाला लावलेला अँटेना. कधी दोन बोर्डांमध्ये वेळ जुळवावीच लागली तर एलव्हीडीएससारखी डिफरन्शियल जोडी (दोन तारांवर एकमेकांच्या उलट सिग्नल) वापरा.

हे सगळं मी तुम्ही करंट सीटीने (करंट ट्रान्सफॉर्मरने) आणि व्होल्टेज पीटीने (पोटेन्शियल ट्रान्सफॉर्मरने) घेताय असं धरून सांगतोय. शंटने (लाइनमध्येच लावलेल्या लहान रेझिस्टरने) घेत असाल आणि करंटची एडीसी लाइनच्या पोटेन्शियलवर तरंगत असेल, तर क्लॉक आणि सिंक दोन्ही डिजिटल आयसोलेटरमधून (विजेचा थेट संबंध न ठेवता सिग्नल पुढे देणाऱ्या चिपमधून) न्यावे लागतील. तिथे साधा पीसी८१७ ऑप्टो चालणार नाही, तो कित्येक मायक्रोसेकंद घेतो. व्होल्टेजही पाहा: मॉड्यूल ३.३ व्होल्टचं आणि पुढे ५ व्होल्टवरचा एचसी मालिकेतला लॉजिक गेट असेल तर त्याला ३.५ व्होल्ट हवेत, ते मिळणार नाहीत. एचसीटी चालेल, त्याला २ व्होल्ट पुरतात. आणि एका एडीसीचा सप्लाय उशिरा येत असेल तर तिच्या क्लॉक पायातून आतल्या डायोडमार्गे वीज शिरते आणि चिप अर्धवट जागी होते. दोघींना एकच सप्लाय द्या, हा प्रश्नच उरत नाही.

तपासताना प्रोबची लांब काळी वायर काढा आणि टोकाशी छोटी ग्राउंड स्प्रिंग लावा, नाहीतर वायरचंच रिंगिंग दिसेल आणि तुम्ही उगाच रेझिस्टर बदलत बसाल. मॉड्यूलच्या पायावर न पाहता एडीसीच्या पायावर पाहा. मग दोन्ही एडीसींना एकच व्होल्टेज द्या, एकाच ट्रान्सफॉर्मरमधून, आणि दोघींतला फेज फरक तासभर नोंदवा. स्विच बंद-चालू करून पुन्हा नोंदवा. हेअर ड्रायरने मॉड्यूल तापवा. मे महिन्यात बडोद्यात पत्र्याच्या शेडखाली बंद डबा साठ अंशांच्या वर सहज जातो, तेव्हा ही चाचणी टाळण्यासारखी नाही. तिन्ही वेळा फरक तोच आला तर क्लॉकचं काम झालं.

फरक स्थिर आला पण शून्य नसला, तर तो क्लॉकचा नाही. एडीसीच्या आधीच्या आरसी फिल्टरमधून येतो: १ किलोओहम आणि १० नॅनोफॅरडचा फिल्टर १० मायक्रोसेकंदांचा उशीर करतो, आणि दोन्ही बाजूंच्या कपॅसिटरमध्ये पाच टक्के फरक असेल तर ०.००९ अंश तिथेच गेले. प्रत्यक्ष बेंचवर मात्र सगळ्यात मोठा वाटा सीटीचा असेल. ०.५ क्लासच्या सीटीला रेटेड करंटवर ३० मिनिटांपर्यंत (वेळेची नव्हे, कोनाची मिनिटं), म्हणजे अर्ध्या अंशापर्यंत, फेजची चूक मान्य आहे. ०.०५ पॉवर फॅक्टरला ती एकटी १७ टक्के वॅट खाते. ०.२ क्लासला ही मर्यादा १० मिनिटं आहे. सीटीच्या टेस्ट सर्टिफिकेटवर वेगवेगळ्या करंटला फेजची चूक दिलेली असते. ते आकडे फर्मवेअरमध्ये टेबल करून घाला आणि प्रत्येक करंटला त्याप्रमाणे फेज दुरुस्त करा. क्लॉक सरकत असताना ही दुरुस्ती शक्यच नव्हती. आता करता येईल.